कपाटात कोंडलेला राउटर

मित्रांनो, हे सांगायचंच नाही असं मी जवळजवळ ठरवलं होतं. आपण जळतो, हे कोण आपणहून कबूल करतं? पण आता सांगूनच टाकतो. मी एक जुना राउटर आहे. तुम्ही ज्याला वायफायचा डबा म्हणता, तोच.

इंटरनेट मी बनवत नाही. ते बाहेरून घरात आणतो माझा शेजारी मोडेम. मी ते हवेतून सगळ्यांना वाटतो. कुणाचं कुणाला जाऊ नये म्हणून प्रत्येक फोनला एकेक पत्ताही देतो. मेहनत दोघांची, कौतुक मात्र माझं एकट्याचं. बैठकीच्या खोलीत उंच फळीवर माझी जागा होती. पाहुणे पाणी घ्यायच्या आधी पासवर्ड विचारायचे. बाबांनी माझ्या नेटवर्कला ताईचं लाडकं नाव दिलं होतं, ‘चिमणी’. मी तर फुलूनच गेलो होतो.

मग आईला माझ्यावर धूळ दिसली. तिने मला फडक्याचं झबलं शिवलं, खालच्या पत्र्याच्या कपाटात ठेवलं आणि दार लावून घेतलं. किती माया! पण मित्रांनो, माझ्या लहरी पत्र्यातून नीट बाहेर जात नाहीत. मी आतून जीव तोडून बोलायचो आणि मागच्या खोलीत ताईचं व्हिडिओवरचं बोलणं सगळं तुटक व्हायचं. बाबा येऊन मला बंद-चालू करायचे. दादा म्हणायचा, ‘म्हातारा झालाय हा.’

शेवटी मामा नवा राउटर घेऊन आला. चार अँटेना, चकचकीत अंग. त्याला कुठे ठेवला माहितीये? माझ्या फळीवर! वर मामाने त्याला माझंच नाव आणि माझाच पासवर्ड दिला, म्हणजे कुणाला परत काही टाकायला नको. घरातले सगळे फोन क्षणात त्याला जाऊन चिकटले. इतकी वर्षं मी सांभाळलेले फोन! एकानेही मागे वळून पाहिलं नाही. माझा नुसता जळफळाट झाला.

पण मागच्या खोलीत त्याचीही बोलती बंद झाली. मध्ये दोन जाड भिंती आणि फ्रिज. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

तो आनंद फार टिकला नाही. ताई मुलांना ऑनलाइन गणित शिकवायची. शिकवणीचा वर्ग चालवणाऱ्या बाईंनी तिला बजावलं होतं, उद्याचा तास तुटला तर ही मुलं दुसऱ्या कुणाकडे देऊ. ताईने हे आईला सांगितलं, ते मी कपाटातून ऐकलं. माझी जिरली.

ताई त्या दिवशी व्हिडिओ बघत बसली, काय काय वाचत बसली. मग कपाट उघडून तिने मला बाहेर काढलं.

“आई, अगं पत्र्यात कोंडलंस याला. बोलणार कसा हा?”

“धूळ बसू नये म्हणून ठेवला गं,” आई ओशाळून म्हणाली. “मला काय माहीत, त्याला मोकळी हवा लागते.”

ताईने मला तिच्या खोलीच्या दाराबाहेर उंच स्टुलावर ठेवलं आणि नव्यापासून माझ्यापर्यंत लांब वायर ओढली. पत्ते वाटायचं माझं काम बंद केलं. ते आता नवाच करणार. त्याच्याकडून येईल ते मी मागच्या खोलीत पोचवायचं, बस्स. हाताखालचा माणूस झालो मी.

दुसऱ्या दिवशी तास झाला. अपूर्णांक, भागाकार, मुलांचा गलका, काहीही तुटलं नाही. मुलं ताईकडेच राहिली. आणि दादा काय म्हणाला? “नवा राउटर भारी आहे हां!”

इतकं झोंबलं म्हणून सांगू!

मित्रांनो, आम्हाला उंच, मोकळ्यावर ठेवा. पत्रा, फ्रिज, जाड भिंती यांच्यापासून लांब. धूळ कोरड्या फडक्याने पुसा. आणि आम्हाला म्हातारं ठरवण्याआधी आमची जागा एकदा बदलून बघा.

त्या संध्याकाळी वायरीतून नव्याने हळूच विचारलं, “दादा, मागच्या खोलीपर्यंत मी पोचत नाही. तुम्ही बघाल ना?”

मला दादा म्हणाला तो. मग काय करणार?

“बघेन,” मी म्हटलं. “ताईचा एकही तास तुटू देणार नाही, हा शब्द देतो तुला. जळायचं थांबेन, असा मात्र देत नाही.”