डॉक्टरांना कळवले

"सिस्टर, डॉक्टर कधी येणार?"

मंडळी, खरं सांगा, हा प्रश्न आपल्यापैकी कुणी विचारलेला नाही? आपला माणूस खाटेवर पडलेला असतो, आपला जीव टांगणीला लागलेला असतो. समोर एक बाई त्याची नाडी बघते, ताप बघते, पायाची सूज दाबून बघते. आणि आपण? आपण तिच्या खांद्यावरून दाराकडे बघत बसतो. तिला काय वाटतं, हे विचारायचं आपल्या डोक्यातही येत नाही.

या कथेतल्या सिस्टरनं हा प्रश्न अठरा वर्षं ऐकला. उत्तर तोंडपाठ होतं: "कळवलंय, येतीलच." मग बेचाळिसाव्या वर्षी तिच्या मनानं उचल खाल्ली आणि तिनं पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नाव घातलं. दोन वर्षांचा अभ्यास. तो पुरा केला की अनुभवी नर्सला पेशंट स्वतः तपासून स्वतःचं निदान मांडता येतं आणि ठरावीक उपचार स्वतःच्या सहीनं सुरू करता येतात. पहिलं वर्ष पुस्तकांत गेलं. दुसऱ्या वर्षी प्रत्यक्ष कामासाठी तिला तिच्याच जुन्या वॉर्डात पाठवलं. बाई खूश! माहेरीच चाललेय, असं तिला वाटलं.

कसलं माहेर घेऊन बसलात! पहिल्याच दिवशी चहाच्या वेळी ती नर्सेसच्या खोलीत शिरली आणि आतलं हसणं नळ बंद करावा तसं थांबलं. इन्चार्ज ताई, जिच्या डब्यातलं हिनं सोळा वर्षं हक्कानं खाल्लं होतं, ती कपात बघत म्हणाली, "या, अर्ध्या डॉक्टरीणबाई! आमच्यात कशा काय?"

सगळ्या हसल्या. हीसुद्धा हसली. पण ते "या" तिला लागलं. सोळा वर्षं ताई तिला "ये गं" म्हणत आली होती.

डॉक्टरांच्या खोलीत खुर्च्या पाच आणि डॉक्टरही पाच. तिथे कुणी वाईट बोललं नाही. फक्त कुणी सरकून जागा केली नाही. मग डबा खायचा कुठे? वॉर्डाच्या टोकाला चादरींची खोली होती. तीन बाजूंना धुतलेल्या चादरींच्या चळती, चौथ्या बाजूला एक खिडकी. तिथल्या गठ्ठ्यावर बसून, दार लोटून, ती एकटी जेवू लागली. बघता बघता तीन महिने झाले.

घरी तरी कोण होतं? लेक शिकायला वसतिगृहात, नवऱ्याची नोकरी परगावी. संध्याकाळी कुलूप उघडलं की आपण सकाळी ठेवलेली कपबशी तशीच्या तशी. नवरा फोनवर मायेनं म्हणायचा, "एवढा त्रास होतोय तर सोडून दे ना. तुला कुणी बळजबरी केलीय का?" नव्हती केली. तेच तर दुखणं होतं. हा उद्योग तिनं स्वतःच्या हौसेनं मागे लावून घेतला होता, तेव्हा तक्रार तरी कोणाकडे करणार?

त्यात तिची नोंदवही परत आली. परीक्षेसाठी पन्नास पेशंट तपासून त्यांच्या नोंदी करायच्या होत्या. तिनं बावीस लिहून मार्गदर्शक डॉक्टर मॅडमना दाखवायला दिल्या होत्या. अक्षर सुरेख, तपासणी चोख. पण प्रत्येक नोंदीच्या शेवटी तिच्या हातानं सवयीनं एकच वाक्य लिहिलं होतं: "डॉक्टरांना कळवले." एकदा नव्हे, बावीस वेळा! मॅडमनी प्रत्येक ठिकाणी लाल गोल केला होता, आणि शेवटच्या पानावर एकच ओळ लिहिली होती: "आणि तुम्हाला काय कळले?"

तिचे कान तापले. आपल्याला हे जमणारच नाही, असं तिच्या मनानं घेतलं. संध्याकाळी घरी तिनं अर्ज लिहिला: अभ्यासक्रम सोडून पूर्वीच्या जागेवर परत येऊ इच्छिते. घडी घालून तो गणवेशाच्या खिशात ठेवला. उद्या मॅडमची सही घेतली की सुटले!

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अभ्यासासाठी आणलेल्या जुन्या फायली परत करायला तळघरात गेली. तिथे रेकॉर्डकाकांचं राज्य. हॉस्पिटलातून बाहेर पडलेल्या प्रत्येक माणसाचा कागद त्यांच्या हाताखालून गेलेला. काकांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

"एवढ्यात झाला अभ्यास?"

"सोडतेय काका. आज अर्ज देणार."

"का गं?"

तिला खरं म्हणजे काही सांगायचं नव्हतं. पण तीन महिन्यांत "का गं?" असं कुणी विचारलंच नव्हतं. तिनं फायली टेबलावर ठेवल्या आणि डोळे पुसले.

"एकटी पडलेय हो. वॉर्डात मी वरची झाले, डॉक्टरांत मी खालची. चादरींवर बसून डबा खाते. आणि एवढं करून साधी नोंद लिहिता येत नाही मला!" तिनं वहीची गोष्ट सांगितली.

काका उठले. एक फाईल काढून त्यांनी तिच्यापुढे उघडली. नऊ वर्षांपूर्वीची, पण अक्षर तिचंच. दुपारी चार दहा: पेशंटला आडवं झाल्यावर धाप लागते, जास्त उशा मागतो, पायांवर सूज, दोन दिवसांत वजन अडीच किलोनं वाढलं. डॉक्टरांना कळवले.

"याच्या खाली डॉक्टरांची नोंद किती वाजताची आहे, वाच."

"सात वाजून पाच."

"त्यांचीही चूक नाही. ते दुसऱ्या पेशंटच्या ऑपरेशनमध्ये अडकलेले. पण मला सांग, याला काय झालंय ते चार दहाला तुला माहीत होतं का?"

"होतं की! हृदयाला झेपत नव्हतं, अंगात पाणी साठत होतं."

"मग लिहिलं का नाहीस?"

"आम्ही दिसलं ते लिहायचं काका. त्याचा अर्थ लिहायचा नसतो."

"म्हणजे तीन तास शहाणपण या कागदावर बसून राहिलं आणि माणूस धापा टाकत राहिला." काकांनी फाईल मिटली. "हा वाचला. सगळेच वाचतात असं नाही. तीस वर्षं मी ही तीन शब्दांची ओळ वाचतोय."

"दोन शब्दांची आहे, काका," ती रडता रडता म्हणाली.

"असेल! मी काय शिकलेला आहे का तुझ्यासारखा?" काका हसले, पण लगेच गंभीर झाले. "हे बघ, तुमच्या हाताला ती सवय आम्ही सगळ्यांनी मिळून लावली. कुणी विचारलंच नाही, मग सांगणार कोणाला? आता कोणीतरी लाल शाईनं का होईना, विचारतंय. आणि तू पळ काढतेस! एकटेपणावर माझ्याकडे औषध नाही. पण ते स्टूल बघ, रिकामं असतं. डबा इथे खात जा."

तिनं मान हलवली, पण अर्ज खिशातच राहू दिला. मन असं एका सकाळीत थोडंच वळतं!

दुपारी ती नेहमीप्रमाणे चादरींच्या खोलीत बसली. पहिला घास तोंडात घालते तोच आया चादर न्यायला आली. "बारा नंबरच्या आजोबांना. आजची ही तिसरी! जरा जराशी ओली करतात," असं कुरकुरत ती गेली.

थोड्या वेळानं वॉर्डातून ओरडा आला. "पुढे सरका! मागे जागा नाही! पुढे सरका, पुढे!"

बारा नंबरचे आजोबा म्हणजे बसचे निवृत्त कंडक्टर. तीन दिवसांपूर्वी कंबरेच्या हाडाचं ऑपरेशन झालेलं, स्वभावानं अगदी गरीब. आणि आता ते खाटेचे कठडे धरून अख्ख्या वॉर्डाला बसमध्ये कोंबत होते. मुलगा पार घाबरला होता. "बाबांना वेड लागलं हो! सिस्टर, डॉक्टर कधी येणार?"

"कळवलंय," इन्चार्ज ताई म्हणाली. "ऑपरेशनमध्ये आहेत, तास-दीड तास लागेल. आल्यावर झोपेचं इंजेक्शन देतील, मग शांत होतील."

सिस्टर खाटेपाशी गेली. नाडी, श्वास, साखर सगळं पाहिलं. मग तिनं हात ओटीपोटावर ठेवला. पोट टणक लागलं आणि आजोबा कळवळले. तिला ती तिसरी चादर आठवली.

"ताई, यांना लघवी कधी झाली?"

"होतेय की! दोनदा चादर बदलली."

"तीनदा. आणि थेंब थेंब. ताई, आत कोंडलीय, म्हणून नुसती पाझरतेय! काल सर्दीसाठी नवीन गोळी सुरू केलीय ना? त्यानंही होतं असं. हे वेड नाही, हे दुखतंय त्यांना. झोपेचं इंजेक्शन देऊन नुसता आवाज बंद होईल, दुखणं आतच राहील!"

"मग डॉक्टरांना पुन्हा कळव."

सिस्टरनं वॉर्डातला फोन उचलून थेट आपल्या मार्गदर्शक मॅडमना लावला. एरवी ती म्हणाली असती, मॅडम, जरा येऊन बघता का? त्या दिवशी ती म्हणाली, "मॅडम, माझं मत असं आहे की मूत्राशय भरून राहिलंय. झोपेचं इंजेक्शन देऊ नये. मी आता नळी घालतेय आणि ती गोळी थांबवतेय."

मॅडम म्हणाल्या, "बरोबर. घाला. मी पोचतेच."

नळी घातल्यावर पिशवी भरू लागली. नर्सचा हात रिकामा कसा राहील? तिनं खिशातून सापडेल तो कागद काढून आकडे टिपले. साडेनऊशे मिलिलिटर! आजोबांचा आवाज हळूहळू उतरला. अर्ध्या तासानं त्यांनी मुलाकडे पाहून क्षीणपणे विचारलं, "तू जेवलास का रे?" मुलाला रडूच फुटलं.

केसपेपरवर सिस्टरनं सगळं लिहिलं आणि शेवटी हात सवयीनं "डॉक्टरांना" लिहून गेला. ती थांबली. तो शब्द खोडून तिनं लिहिलं, "माझे मत", त्याखाली निदान, त्याखाली केलेले उपचार, आणि सही. तिला स्वतःचीच सही अनोळखी वाटली. मॅडमनी येऊन पेशंट पाहिला, कागद वाचला आणि त्याखाली आपली सही केली.

ती चादरींच्या खोलीत परतली तेव्हा डबा गार झाला होता. इतकं चांगलं घडलं, आणि सांगायला जवळ कुणी नाही! ही एकच गोष्ट तिच्या मनात आली, आणि ती तसंच जेवू लागली.

दार ढकलून इन्चार्ज ताई आत आली. एका हातात स्वतःचा डबा, दुसऱ्या हातात तो आकड्यांचा कागद.

"हा खाटेवर राहिला होता. मागची बाजू वाचली मी."

अर्ज! सिस्टरनं मान खाली घातली.

"आया सांगतेय, चादरींवर बसून जेवतेस? तीन महिने? अक्कल गहाण टाकलीस का? आणि मी तरी काय, डोळे असून आंधळी!" ताईचा आवाज फाटला. "मला वाटलं, तू आम्हाला टाकून वर गेलीस. म्हणून टोमणे मारले. पण मघाशी तू फोनवर 'माझं मत' म्हणालीस ना, तेव्हा माझे डोळे उघडले. अगं, पंचवीस वर्षं मलाही कळतंय. मी फक्त कळवत आले!"

तिनं कागदाचे चार तुकडे केले. दुसऱ्या गठ्ठ्यावर बसली, डबा उघडला आणि म्हणाली, "सरक जरा तिकडे. आणि त्या अभ्यासाचे फॉर्म कधी निघतात ते सांग."

सिस्टर सरकली. डोळे पुसायला हाताशी चादरींची काही कमी नव्हती.

वाचकहो, त्या संध्याकाळीही तिच्या घरी कपबशी जागच्या जागीच होती. नव्या वाटेवर पहिल्यांदा चालणाऱ्याला काही काळ एकटं चालावंच लागतं. पण ती वाट तिनं एकटीनं का तुडवावी? ज्याला कळतं त्यानं बोलायला शिकावं, आणि ज्यांच्यासाठी तो शिकतो त्यांनी ऐकायला शिकावं, यातच सगळ्यांचं भलं आहे. तेव्हा उद्या आपला माणूस खाटेवर असेल आणि नजर दाराकडे लागली असेल, तर ती क्षणभर इकडे वळवा. समोरच्या बाईला एवढंच विचारा: "सिस्टर, तुम्हाला काय वाटतं?"