गोलामागचा आवाज

रिकाम्या स्टेडियममध्ये गर्दी भरणं हे माझं काम. हॉकीच्या लीगचे सामने भर दुपारी, कामाच्या दिवशी होतात. बघायला कोण येणार? खेळाडूंचे चार नातेवाईक आणि सावली शोधत आलेले दोन पेन्शनर. पण टीव्हीवर सामना ओस पडलेला दिसून चालत नाही. म्हणून कॅमेरे मैदानावरच रोखलेले असतात आणि मी मिक्सरवर बसून जुन्या सामन्यांतला गलका त्याखाली सोडते. चेंडू वर्तुळात शिरला की आवाज चढवायचा, बाहेर गेला की उतरवायचा. घरी बसलेल्यांना वाटतं, काय रंगलाय सामना!

या मोसमात आम्ही संग्रहातून नवीन गलका काढला. तिसऱ्याच सामन्यात, हेडफोनमध्ये, माझ्या उजव्या कानात बाबा ओरडले.

"भिंत, पुढे ये! ये पुढे!"

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

भिंत म्हणजे माझा धाकटा भाऊ. गोलात उभा राहिला की काही आत जाऊ द्यायचा नाही, म्हणून बाबांनी ठेवलेलं नाव. दुसरं कोणी त्याला तशी हाक मारत नसे. आणि आवाजाबद्दल तर शंकाच नको. बाबा छापखान्यात यंत्रावर होते. यंत्रांच्या घरघरीवरून बोलायची सवय अशी जडली होती की जेवताना त्यांनी मीठ मागितलं तरी शेजारचे दचकायचे.

सामना संपल्यावर मी फाइलवरची नोंद पाहिली. बावीस वर्षांपूर्वीचा अंतिम सामना, उत्तरार्ध, गोलामागचा माइक.

त्या सामन्याचं नाव आमच्या घरात कोणी काढत नाही. पूर्वार्धात भावाने दोन गोल खाल्ले. मध्यंतरानंतर त्याने वर पाहिलं तर बाबांची खुर्ची रिकामी. मुलाची लाज वाटून बाप उठून गेला, असं त्याने गृहीत धरलं. शेवटच्या मिनिटाला तिसरा गोल झाला आणि सामना हातचा गेला. बाबा संध्याकाळी घरी आले, मान खाली घालून जेवले. त्यानंतर त्यांनी भावापुढे हॉकीचा ह काढला नाही. भावाने पॅड्स कुणाला तरी देऊन टाकले आणि तो ड्रम्स शिकायला लागला. आज त्याच्या बँडचे कार्यक्रम हाउसफुल्ल जातात. बाबा एकाही कार्यक्रमाला गेले नाहीत. "छातीत धडधडतं मला त्याने," म्हणायचे.

आणि आता माझ्या हातात ही नोंद. मध्यंतरानंतर बाजू बदलतात, तसा भाऊ मैदानाच्या दुसऱ्या टोकाच्या गोलात गेला असणार. बाबा उठून गेले होते ते घरी नव्हे. त्याच्या पाठीशी जाऊन उभे राहिले होते. पाठीमागचं त्याला दिसणार कसं?

मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. शनिवारी दुपारी भावाच्या कार्यक्रमाच्या हॉलवर गेले. आवाजाची चाचणी चालली होती, खुर्च्या अजून लावायच्या होत्या. मी त्याला पायऱ्यांवर बसवलं आणि हेडफोन त्याच्या कानाला लावला.

"भिंत, पुढे ये! ये पुढे!" मग स्टिकचा ठक् असा आवाज. मग शेकडो लोकांची एकच हाय.

त्याने पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. मी वाट बघत होते की आता हा हसेल, नाहीतर रडेल.

"ताई, हा तिसरा गोल आहे," तो म्हणाला.

"असू दे. पण बाबा होते रे तिथे!"

"समोरच्या संघाचा एक जण एकटाच आत घुसला होता. मी रेषेवर थांबणार होतो. तेवढ्यात मागून कोणीतरी पुढे ये म्हणालं आणि मी आलो. त्याने चेंडू बाजूने घातला." तो हेडफोनची वायर बोटाभोवती गुंडाळत होता. "मला इतकी वर्षं वाटायचं, ते माझ्या डोक्यातलं होतं."

म्हणजे गोल आपल्या हाकेमुळे झाला, हे बाबांनाही ठाऊक होतं. लाज त्यांना वाटत होती, पण स्वतःची. सोळा वर्षं एका घरात दोघंही तोंड चुकवत वावरले, आणि आम्ही त्याला राग समजत राहिलो.

"तुला कॉपी करून देऊ?"

"नको," तो म्हणाला आणि वाजवायला निघून गेला.

संध्याकाळी मी प्रेक्षकांत बसले. टीव्हीवर आवाज खाली-वर करायला मी असते. इथे जे घडेल ते घडेल. तो उत्तमच वाजवत होता. फक्त तिसऱ्या गाण्यात, वाजवता वाजवता, त्याने एकदम मान वळवून मागे पाहिलं. मागे काळा पडदा होता. ठेका चुकला नाही, पण बाकीचे वादक एकमेकांकडे बघायला लागले.

सोमवारी आमच्या निर्मातीबाईंनी मला बोलावलं. "अगं, लोक लिहितायत. एकच माणूस प्रत्येक सामन्यात ओरडतो म्हणे. भिंत कोण? कुठल्या संघात भिंत आहे? काढून टाक त्याला."

चार सेकंदांचा तुकडा. दोन मिनिटांचं काम, मला पाऊण तास लागला.

पुढच्या सामन्यानंतर आईचा फोन आला. ती भावाकडे राहते. हॉकीतलं तिला ओ की ठो कळत नाही, पण माझं काम म्हणून प्रत्येक सामना टीव्हीवर लावते.

"तुझी तब्येत बरी आहे ना?"

"हो. का गं?"

"आज हे आले नाहीत."

"हे कोण?"

"कोण म्हणजे? तुझे बाबा. रोज यायचे. सुरुवातीला एकदा, मग शेवटाकडे एकदा. मी कोणाला बोलले नाही. म्हातारीला भास होतात म्हणाला असतात."

मी म्हटलं, "आई, माझ्याकडे आवाज आहे त्यांचा. घरी आणून ऐकवते."

"तसं नको. माणूस ओढून आणल्यासारखं वाटेल. आपले सामन्याला येत होते, ओरडून जात होते, तेच बरं होतं."

"त्या शेवटच्या सामन्याबद्दल ते कधी बोलले तुझ्याशी?"

"जागेपणी नाही. झोपेत बोलायचे. थांब, पुढे येऊ नकोस, म्हणायचे. मला वाटायचं, मलाच म्हणतायत. मी आपली भिंतीकडे सरकून झोपायचे."

पुढच्या सामन्यात मी बाबांना परत घातलं. त्यांच्यानंतरचा ठक् आणि ती हाय तेवढी कापली. आवाज इतका खाली ठेवला की निर्मातीबाईंच्या कानी पडला नाही.

संध्याकाळी भावाचा फोन आला.

"ऐकलंस?" मी विचारलं.

"हं. आई टीव्हीला म्हणाली, आज का हो इतकं हळू? घसा बसलाय का?"

"आणि तू?"

"मी उठून तिच्या खुर्चीमागे उभा राहिलो," तो म्हणाला. "सामना संपेपर्यंत."