सूचीखालची अकरा गावे

मित्रांनो, मी नकाशे काढायचे एक जुने टेबल आहे. वर दुधी काच, पोटात दिवा. माझ्यावर कागदावर कागद ठेवून दिवा लावला की खालचे सगळे वर दिसते. एका कागदावर गावे, दुसऱ्यावर पाऊस, तिसऱ्यावर विहिरी असे रचून आमच्या कचेरीत दुष्काळी पट्टे काढत. तेव्हा मला रोज पुसायचे, पाहुण्यांना दाखवायचे. पुढे दिवा गेला, आणि तो बदलायचे कष्ट कोणी घेतले नाहीत. आता माझ्यावर साहेबांचा खरकटा डबा असतो.

या साहेबांची मला मनापासून किळस येते. नकाशाच्या माथ्यावर त्यांचे नाव नदीपेक्षा लांब. यंदा कोणता रंग कशाचा ते सांगणारी सूची चिकटवायला जागा उरली नाही, तर खुर्चीतूनच म्हणाले, "त्या कोपऱ्यात लावा. रिकामाच आहे."

रिकामाच असणार. पाऊसच नाही तिथे पावसाच्या रेघा कुठून येणार? खालच्या कागदावरची गावे दिव्याशिवाय दिसेनात. सर्वांत कोरडी अकरा गावे सूचीखाली गेली.

महिन्याने तिथल्या शाळेच्या बाई आल्या. "विहिरी आटल्यात, साहेब. मुलं शाळा सोडून पाण्याला जातायत. टँकर कधी येणार?"

साहेबांनी डब्याखालून नकाशा ओढला. "दुष्काळी पट्ट्यात तुमचं गावच नाही."

"अहो, मी तिथूनच आलेय."

"नकाशात नाही म्हणजे नाही."

आमच्या नकाशे काढणाऱ्या बाई मान खाली घालून ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून दिवा आणून मला लावला. किती वर्षांनी मी उजळलो! सूचीखाली अकरा ठिपके दिसले. बाईंनी नखाने सूची सोडवली, कोपऱ्यात दुष्काळाचा गडद तपकिरी रंग भरला, आणि सूची जिथे मावत होती तिथे चिकटवली. साहेबांनी न बघता सही ठोकली. सवयच ती. आठवडाभरात टँकर गेले.

नकाशा छापून भिंतीवर लागला, तेव्हा मात्र साहेब चष्मा लावून अगदी जवळ उभे राहिले. जन्मात पहिल्यांदाच नकाशा वाचत होते.

"माझं नाव कुठंय?"

"सूचीखाली, साहेब," बाई म्हणाल्या. "ती जागा रिकामीच होती."

मित्रांनो, टेबलाचा दिवा गेला तर वेळेवर बदला. साहेब बदलणे आपल्या हातात नसते.