अल्लीपूरचा होकार

“अरे बाप्पा, बायोडाटा काढाचं हे तुझं बटन दाबलं तं ‘पोहोचलं’ म्हणते, अन् पोरीचा बायोडाटा तसाच दिसून राह्यला!” बंडूजींनी मोबाईल धर्मेंद्रच्या हातात जवळजवळ कोंबलाच. “लग्न ठरलं, साक्षगंध झालं तिचं. तरी रोज कोनाचा ना कोनाचा फोन. होनाऱ्या व्याह्याले काय वाटन?”

“पाहतो काकाजी,” धर्मेंद्र म्हणाला आणि लॅपटॉप उघडून ओसरीवर बसला. सेलूहून अल्लीपूरला येताना त्याने मनाशी घोकलं होतं, बटन दुरुस्त करायचं, चहा प्यायचा आणि निघायचं. बंडूजींच्या मुलीकडे, गुंजनकडे, बघायचंसुद्धा नाही. पण मन कुठलं ऐकायला! आतून शिलाई मशीनचा आवाज येत होता आणि त्याचे कान तिकडेच लागले होते.

समाजाच्या परिचय मेळाव्याची वेबसाइट त्यानेच बनवली होती. एका घराने मागणी कळवायची, दुसऱ्याने त्याच पानावर होकार नाहीतर नकार द्यायचा. तोंडावर नकार ऐकायची पाळी कुणावर नको, म्हणून ही सोय. आणि रीत अशी, की मागणी एकदाच जाते. उत्तर आलं नाही तर काय ते समजून घ्यायचं, पुन्हा दारात जायचं नाही.

वर्ध्याच्या मेळाव्यात बाकीच्या मुली पाठ केलेलं बोलून गेल्या होत्या. गुंजन माईकसमोर आली आणि म्हणाली, “मी शिवणवर्ग चालवते, लग्नानंतरही चालवीन. ज्याले चालत नसन त्यानं उगाच आमचे पोहे संपवू नये.” सभागृह खो खो हसलं आणि आमचा धर्मेंद्र कामातून गेला. त्याची आई देवकाबाई तर त्याच्याहून खूष. दुसऱ्याच दिवशी मागणी गेली.

उत्तर आलं नाही. दिवाळी आली नि गेली. मायलेक एकमेकांसमोर तो विषयच काढेनासे झाले. मग कुणाकडून तरी कानावर आलं, गुंजनचं हिंगणघाटात ठरलं.

आता तो बंडूजींचा मोबाईल उलटसुलट करून बघत होता. मोबाईल जुना, त्यातला ब्राउझरही त्याच वयाचा. पान एकच असलं तरी प्रत्येक ब्राउझर ते आपापल्या अकलेने वाचतो. धर्मेंद्रने पान तपासलं होतं आपल्या सेलूच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर आणि स्वतःच्या नव्या मोबाईलवर. दोन्हीकडे झकास चाललं, म्हणजे झालं, असं त्याने धरून टाकलं. जुने मोबाईल घरातल्या वडीलधाऱ्यांकडे असतात आणि बायोडाटा त्यांच्याच नंबरवर असतो, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

कुठे अडतंय ते पडद्यावर दिसेल अशी एक ओळ त्याने पानात घातली आणि बटन दाबलं. निरोप पाठवायची आज्ञा त्या जुन्या ब्राउझरला ठाऊकच नव्हती. तिथपर्यंत येऊन तो मुकाट थांबत होता. आणि ‘पोहोचलं’ हा शब्द धर्मेंद्रने त्या आज्ञेच्या आधीच दाखवला होता. नेट मंद असलं की लोक बटन बडवत बसतात, म्हणून आधीच दिलासा. केवढी ती हुशारी!

त्याने लॅपटॉपवरून मान वर केली.

“काकाजी, या मोबाईलवरून आधी काही पाठवलं होतं काय?”

“पाठवलं नाई तं काय!” बंडूजी उसळले. “तुमच्याच घराले होकार पाठवला होता. पोरीनं सोता बटन दाबलं. मंग तुमच्याकडून ना फोन, ना मानूस. पोरीकडच्यानं दोनदा इचारावं काय?”

मशीन थांबलं होतं. गुंजन चहा घेऊन दारात उभी होती.

“नाई पोहोचला, काकाजी,” धर्मेंद्र कसाबसा म्हणाला. “आमच्याकडं काहीच नाई पोहोचलं. चूक माही आहे. माहीच.”

बंडूजी खाटेवर बसले. गुंजनने कप त्याच्यासमोर ठेवला.

“तुम्ही वाट पाह्यली?” तिने विचारलं.

“लय पाह्यली.”

“मीबी,” ती म्हणाली. मग वडिलांकडे बघून हळूच म्हणाली, “शब्द देल्ला आहे आता बाबांनं. माह्यानं तो मोडवत नाई.”

धर्मेंद्रचा जीव तुटला. रडू येत होतं, पण दुसऱ्याच्या ओसरीवर पुरुषाने रडायचं तरी कसं? त्याने मान खाली घातली आणि कामाला लागला. जुन्या ब्राउझरला कळेल अशी आज्ञा लिहिली. निरोप खरोखर गेल्यावरच ‘पोहोचलं’ दिसेल, असं केलं. दोन-चार ओळींचं तर काम. ते तेव्हा केलं असतं तर आज तो या घरात जावई म्हणून बसला असता.

“आता दाबा,” त्याने मोबाईल गुंजनपुढे धरला.

तिने ओढणीला हात पुसले आणि बटन दाबलं. लॅपटॉपवरून तिचा फोटो गेला, नाव गेलं.

“या खेपेस पोहोचलं ना?”

“पोहोचलं.”

निवलेला चहा त्याने तळापर्यंत प्यायला. बंडूजी त्याला एसटीपर्यंत सोडायला आले. लॅपटॉपची बॅग त्यांनी त्याला उचलूच दिली नाही, स्वतःच्या खांद्याला लावली. गाडी आल्यावर ते आधी चढले, खिडकीजवळची जागा रुमालाने झटकली, त्याला बसवलं आणि बॅग त्याच्या मांडीवर ठेवली. मग खाली उतरून, गाडी हलेपर्यंत खिडकीखाली उभे राहिले.