पवनीतला शेवटचा हातमाग

शाळेच्या 'आमचं गाव' स्पर्धेत तेजस्विनीचा पवनीवरचा लेख पहिला आला, आणि वर पेपरातही छापून आला! वैनगंगा, जुना परकोट, मातीखाली सापडलेला स्तूप, भाजीवाल्यांच्या आरोळ्यांनी दणाणणारा बाजार, सगळं तिनं झक्कास मांडलं होतं. शेवट तेवढा जमत नव्हता. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायला हवं होतं ना! मग तिनं ठोकून दिलं: 'पवनीतला शेवटचा हातमागही आता थांबला आहे.'

तेव्हा शेजारच्या गोपाळरावांचा माग भिंतीपलीकडे खटखटत होता. तिनं खिडकी लावून घेतली होती.

आज तेच गोपाळराव पेपर घेऊन आले आणि दाराशी चपला काढून आत बसले.

"तेजू, वाच बरं हे. वरचं मोठं दिसते, आतलं सारं मुंग्यावानी. मोहाडीच्या रत्नाबाईनं पोरीच्या लग्नाची लुगडी दुसरीकडून घेतली. म्हणे, तुमचा माग बंद पडला, पेपरात आलं. तिच्या सासूपासून त्या घरची नवरी आपल्याच लुगड्यात उभी राहते वो. मी तर सूत बी चढवून ठेवलं."

तिनं भराभर वाचलं. शेवटच्या वाक्याशी आली आणि पेपरची घडी घातली.

"झालं, आबाजी."

"मंग मागाचं कुठी हाय? नीट पाह्य ना."

तिनं घडी उघडली, ते वाक्य वाचलं, आणि खालचं नावही वाचलं. स्वतःचं.

गोपाळराव तिच्याकडे बघतच राहिले. "तुले आवाज येत नाही का मागाचा?"

"येते."

"मंग काहून लिवलं?"

"वाचायला चांगलं वाटत होतं, आबाजी."

तिनंच त्यांच्याकडून नंबर घेऊन फोन लावला, स्पीकरवर.

"रत्नामावशी, माग सुरूच आहे. मी खोटं लिहिलं होतं."

"अवो बाई, आता सांगून राहिली? पोरीले हळद लागली, लुगडी बी नेसून झाली! लिवता येते म्हणून काहीबी लिवशील का?"

फोन बंद झाला. गोपाळराव उठले. "बाकीचं चांगलं जमलं तुले," म्हणाले आणि दाराशी चपला शोधू लागले. दोन लगावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. चपला त्यांच्या पायाशीच होत्या. तिनं वाकून त्या सरळ केल्या, आणि मग वर बघायची तिची हिंमतच झाली नाही.