मास्तर मार्जिन विसरले

मास्तर रिटायर झाले आणि मास्तरीणबाईंच्या डोक्याला ताप सुरू झाला. तसा माणूस वाईट नव्हता. दारू नाही, पत्ते नाहीत, उभा जन्म शर्टांच्या कारखान्यात कटिंग मास्तर म्हणून गेलेला. पण घरी बसलेला नवरा म्हणजे उठता-बसता समोर, आणि दिसेल त्यात नाक. पहिल्या आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले. दुसऱ्या आठवड्यात कपडे वाळत घालायची पद्धत सुधारली. तिसऱ्या आठवड्यात त्यांची नजर गोधडीवर गेली, आणि बाईंनी मनाशी ठरवलं की बाकी घर गेलं तरी चालेल, इथे यांना फिरकू द्यायचं नाही.

गोधडी लेकीसाठी होती. लेकीला घरात बारकी म्हणत. आता ती बापापेक्षा वीतभर उंच झाली होती, पण नाव बदलायचं कुणाला सुचलं नव्हतं. बारकीला दूरच्या एका बंदरात, जहाजं दुरुस्त करायच्या गोदीत नोकरी लागली होती. जहाजांची वेल्डिंगची जोडकामं तपासायची, पगार चांगला, थंडी मरणाची. थंडीचं नाव निघालं तेव्हा बारकी म्हणाली होती, ‘‘आईच्या हातची गोधडी घेतल्याशिवाय मी घर सोडणार नाही.’’

ती बोलली गमतीत. बाईंनी मात्र ते वाक्य पदराला गाठ मारून ठेवलं. गोधडी झाल्याशिवाय पोरगी जात नाही ना? मग गोधडीला घाई कसली?

त्यामुळे काम चाललं होतं ते असं. बाई एक तुकडा कापायच्या, तो जागेवर ठेवायच्या, मान तिरकी करून बघायच्या, उठून चहा टाकायच्या, परत येऊन बघायच्या. मग शेजारचा तुकडा कुठल्या कापडाचा घ्यायचा याचा विचार. विचार म्हणजे चांगला दुपारभर. एखादे दिवशी बारकी बाहेर गेली की जोडलेली आख्खी ओळ हळूच उसवायच्या आणि ती आल्यावर म्हणायच्या, ‘‘अगं, तो पिवळा त्या जांभळ्याशेजारी डोळ्यात खुपत होता.’’ इतके महिने झाले, आणि गोधडी म्हणून जे काही होतं त्याच्या जेमतेम तीन ओळी झाल्या होत्या. शिवणाचं मशीन घरात होतं, पण त्यावर बाईंनी फुलदाणी ठेवली होती. गोधडी हातानंच शिवायची, असं त्या सांगत.

मास्तरांना हे बघवेना.

‘‘अगं, ही काय पद्धत झाली?’’ एकदा सकाळी ते म्हणालेच. ‘‘आधी सगळं कापड कापून घ्यायचं. गठ्ठे बांधायचे. मग शिवायला बसायचं. एकीकडे कापतोय, एकीकडे शिवतोय, अशानं कारखाना चालला असता का?’’

‘‘हा कारखाना नाही,’’ बाई म्हणाल्या. ‘‘एक तुकडा लागला की पुढचा कुठला ते कळतं. आधीच सगळं कापून ठेवलं तर बघायचं काय?’’

‘‘बघायचं कशाला? शिवायचं.’’

‘‘तुम्ही जन्मात कधी सुईत दोरा ओवलाय का? मग उंटावरून शेळ्या हाकू नका.’’

हे लागलं. कटिंगवाले कापतात, शिलाईवाले शिवतात, आणि दोघंही एकमेकांना गाढव समजतात, ही त्या कारखान्याची जुनी रीत होती. मास्तर पेपर उघडून त्यामागे गेले. बाईंना वाटलं, मिटलं.

कसलं मिटतंय. गोदीतून बोलावणं आलं, महिनाअखेरच्या सोमवारी हजर व्हा म्हणून. बारकी बॅगा धुंडाळायला लागली. त्याच आठवड्यात बाईंची दाढ ठणकायला लागली आणि त्या दाताच्या डॉक्टरकडे गेल्या. गाल सुजवून, तोंडात कापूस घेऊन परत आल्या तर जेवणाच्या टेबलावर तुकड्यांचे गठ्ठे, प्रत्येक गठ्ठ्याला सुतळी, आणि टेबलाच्या टोकाला मास्तर, हातात मोठी कातरी, तोंडावर कित्येक दिवसांत न दिसलेलं तेज.

कारखान्यात करत तसं त्यांनी कपाटातली सगळी कापडं एकावर एक थर लावून पसरली होती, वर खडूनं चौकोन आखले होते, आणि थरच्या थर कापून काढले होते. बोटभर रुंदीची कात्रणं सोडली तर एक चिंधी शिल्लक नव्हती. थरामध्ये त्यांचा स्वतःचा घडी केलेला धुतलेला पायजमाही आला होता. त्याचेही छान चौकोन झाले होते.

तोंडात कापूस असल्यामुळे बाईंना बोलता येईना. हे मास्तरांचं नशीब. त्यांनी खुर्चीवर बसून गठ्ठ्यांकडे नुसतं पाहिलं. कापून झालं म्हणजे संपलंच की. आता नुसतं जोडायचं राहिलं. विचार करायला, मान तिरकी करायला, चहा टाकायला काही कारणच उरलं नाही. या माणसानं एका दुपारीत पोरीला घराबाहेर काढलं.

‘‘बाबा, काय सुरेख कापलंय हो,’’ बारकी म्हणाली. ‘‘आता चार दिवसांत होईल.’’

‘‘होईल की,’’ मास्तर म्हणाले, आणि कातरी पुसत आतल्या खोलीत गेले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मास्तरांच्या तुकड्यांची एक ओळ जोडली आणि आपल्या तीन ओळींखाली धरली. ओळ तोकडी निघाली. थोडीथोडकी नाही, चांगली हातभर. त्यांना आधी वाटलं, आपलाच हिशेब चुकला. मग त्यांनी आपला एक तुकडा मास्तरांच्या तुकड्यावर ठेवला, आणि सगळा प्रकार ध्यानात आला. मास्तरांनी चौकोन गोधडीत जेवढा दिसायला हवा बरोब्बर तेवढाच कापला होता. शिलाईत चारी बाजूंनी कापड जातं, त्यासाठी मार्जिन सोडायचं असतं, हे शाळेतल्या पोरीला कळतं. मास्तर मार्जिन विसरले होते.

‘‘अहो,’’ बाईंनी हाक मारली. आता तोंडात कापूस नव्हता.

पुढचा अर्धा तास त्या घरात काय झालं ते सांगण्यात अर्थ नाही, कारण ते गल्लीनं स्वतःच ऐकलं. बारकीला कॉटवर आडवं करून अंदाज घेतला. सगळे तुकडे जोडले तर गळ्यापासून गुडघ्यापर्यंत गोधडी आणि तिथून पुढे बारकी. आणि जोडायला दुसरं कापडही नाही, कारण मास्तर सगळंच कापून बसलेले.

मास्तर कॉटशेजारी उभे राहून म्हणाले, ‘‘असू दे. पुढच्या महिन्यात बाजारात मिळतंजुळतं कापड बघू. घाई काय आहे? बारके, तू त्यांना फोन कर, म्हणावं थोडी मुदत द्या.’’

बाई तोंडानं बोलत होत्या, ‘‘हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.’’ पण मनातून त्यांना इतकं हलकं वाटलं की संध्याकाळी त्या भांडी घासताना गुणगुणत होत्या. पुढचा महिना म्हणजे पुढचा महिना. देव करतो ते बऱ्यासाठी, आणि कधीकधी नवराही.

हे समाधान दोन दिवस टिकलं. बारकीनं गोदीत फोन केला. पलीकडच्या बाईनं शांतपणे सांगितलं, सोमवारी आलात तर तुम्ही, नाही आलात तर यादीतलं पुढचं नाव. बारकी फोन ठेवून म्हणाली, ‘‘जाऊ दे. गोधडीशिवाय जाते मी. नाहीतर राहू दे ती नोकरी, इथेच काहीतरी मिळेल.’’ आणि खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली.

बाईंना ती पाठ बघवेना. या नोकरीसाठी पोरीनं रात्रीचा दिवस केला होता, वेल्डिंग शिकताना हाताला भाजून घेतलं होतं, वर्गातल्या पोरांची टिंगल ऐकली होती. आणि आपण ओळी उसवत बसलो. त्यांना स्वतःची लाज वाटली. पण लाज एकट्यानं कशी सोसायची? ती कुणावर तरी काढावी लागते, आणि घरात मास्तर होते.

त्यात भर म्हणून सुईकाका आले. सुईकाका म्हणजे कारखान्यातल्या शिलाई खात्याचे सुपरवायझर, मास्तरांचे जन्माचे वैरी. शर्ट बिघडला की हे म्हणायचे शिलाईची चूक, ते म्हणायचे कटिंगची. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती आणि ते मुद्दाम अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

‘‘काय मास्तर,’’ खुर्चीत टेकत ते म्हणाले, ‘‘मार्जिन विसरलात म्हणे.’’

‘‘विसरलो,’’ मास्तर म्हणाले.

‘‘म्हणजे इतकी वर्षं मी म्हणत होतो ते काही खोटं नव्हतं.’’

‘‘नसेल.’’

‘‘कटिंगचीच चूक असायची.’’

‘‘असेल.’’

सुईकाकांच्या पदरात हे फार लवकर पडलं. भांडायची तयारी करून आलेला माणूस, समोरून काहीच येईना म्हटल्यावर कावराबावरा झाला. चहा अर्धा टाकून, ‘‘तब्येतीला जपा,’’ असं म्हणून निघून गेला.

बाई दारातून बघत होत्या. हा माणूस शर्टाच्या कॉलरवरून भर रस्त्यात हातघाईवर आलेला त्यांनी पाहिला होता. ‘‘नसेल’’ आणि ‘‘असेल’’?

‘‘गप्प कसे बसलात?’’ त्यांनी विचारलं. ‘‘तो तोंडावर थुंकून गेला तरी?’’

‘‘बोलायचं काय. चूक ती चूक.’’

‘‘चूक म्हणजे साधी? उद्या आख्खा कारखाना म्हणेल, मास्तरांना मार्जिन म्हणजे काय ते माहीत नव्हतं. म्हणेल कशाला, आहेच तसं. उभा जन्म दुसऱ्यानं आखलेल्या रेघेवर कातरी चालवली, तुम्हाला काय कळणार शिलाईत किती कापड जातं ते.’’

‘‘मला कळत नाही?’’ मास्तर ताडकन उठले. मान लाल झाली होती. ‘‘मला? कारखान्यात कापलेल्या एकेका शर्टाचं मार्जिन सांगतो, विचार. कॉलरचं वेगळं, बाहीचं वेगळं, खिशाचं वेगळं. झोपेत उठवून विचार. मार्जिन म्हणे माहीत नाही.’’

‘‘मग सोडलं का नाही?’’

मास्तर उभे होते ते हळूच बसले. खिशातला खडू काढून बोटांत फिरवायला लागले.

‘‘नाही सोडलं,’’ ते म्हणाले. ‘‘आखून झालं होतं नीट, मार्जिन धरून. मग बारकी बॅग घासायला बसलेली दिसली. म्हटलं, हे कापून दिलं की ही गेली. पुसलं आणि लहान आखलं. म्हटलं, पुरायची नाही गोधडी. एखादा महिना तरी जाईल.’’

‘‘आणि पायजमा?’’

‘‘तो खरंच चुकून आला.’’

बाई त्यांच्या शेजारी बसल्या. त्यांच्या हातातला खडू काढून घेतला. मग बाई म्हणाल्या, ‘‘तो पिवळा तुकडा जांभळ्याशेजारी काही वाईट दिसत नव्हता.’’

‘‘मला वाटलंच होतं,’’ मास्तर म्हणाले. ‘‘इतकं कुणी उसवतं होय?’’

‘‘आपण दोघं मिळून पोरीची नोकरी घालवायला निघालोय, कळतंय ना तुम्हाला?’’

‘‘कळतंय.’’

‘‘मग उठा.’’

बाईंनी बेडरूमचे पडदे खाली ओढले. जाड, गडद निळ्या कापडाचे. ते टेबलावर टाकले आणि मास्तरांपुढे खडू ठेवला. ‘‘सगळं एकदम कापा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘एकेक नको. मी परत बघत बसेन.’’

मास्तरांनी पट्ट्या आखल्या. दोन ओळींच्या मध्ये घालायच्या, दोन तुकड्यांच्या मध्ये घालायच्या, चारी कडांच्या. मार्जिन धरून. हात एकदाही थांबला नाही. बाईंनी मशीनवरची फुलदाणी खाली ठेवली. शनिवार सगळा मशीन चालत होतं आणि मास्तर पट्ट्या हातात देत होते, क्रमानं, मागायला न लावता. इतक्या वर्षांच्या संसारात ही दोघं पहिल्यांदाच एका कामाला बसली होती, आणि मास्तरीणबाईंच्या मनात आलं की बरं कापतो हा माणूस. पण बोलल्या नाहीत, डोक्यावर बसला असता. समोरच्या घरातून बेडरूम आता आरपार दिसत होती. दिसू दे.

रविवारी दुपारी शेवटची कड मशीनखालून बाहेर आली. गोधडी लांब होती, बारकीचे पाय झाकून वर दुमडता येईल इतकी. मशीनच्या सुईपासून गोधडीपर्यंत फक्त एक दोरा उरला होता.

‘‘कापा,’’ बाई म्हणाल्या.

‘‘तू काप. शिवलीस तू.’’

‘‘कातरी तुमच्या हातात आहे.’’

‘‘मग घे की.’’

‘‘कटिंग मास्तर कोण आहे?’’

‘‘दोरा कापणं शिलाईवाल्यांचं काम,’’ मास्तर म्हणाले. ‘‘कटिंग खात्यात येत नाही ते. सुईकाकांना विचार.’’

‘‘मला डोळ्यांनी दिसत नाहीये,’’ बाई म्हणाल्या, आणि ते खरं होतं, कारण डोळे भरून आले होते. मास्तरांनी कातरी उघडली, दोऱ्याजवळ नेली, मिटली. परत उघडली. मग त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि चष्मा पुसायला घेतला.

बॅग दारात ठेवून बारकी कधीपासून उभी होती, दोघांनाही कळलं नाही. ती आत आली. आधी आईकडे पाहिलं, मग बापाकडे. तिचाही चेहरा काही धड नव्हता.

‘‘आणा इकडे,’’ ती म्हणाली.

तिनं कातरी उचलली आणि दोरा कापला.