विळ्याच्या दगडावरून परतलेला वस्तरा

मित्रांनो, लोधिवलीत येसाजींच्या घरी खिडकीजवळ एक धोकटी टांगलेली आहे. दाढी-हजामतीची हत्यारे ठेवायची ती चामड्याची पिशवी. तिच्यात राहणारा वस्तरा तो मी. माझे पाते पोलादाचे आहे आणि मूठ म्हशीच्या शिंगाची. मला कोणी घडवले ते आठवत नाही. आठवते ते खोपोलीच्या बाजारातले एक दुकान. येसाजींच्या वडिलांनी तिथे मला उलटेसुलटे पाहिले आणि म्हणाले, "हा येतोय आपल्यासंगं."

तेव्हापासून साठ वर्षे मी येसाजींच्या हातात राहिलो. मांडवात नवरदेवांच्या दाढ्या केल्या, शाळेच्या मास्तरांच्या केल्या, लहानग्यांची जावळे काढली. येसाजींचा हात इतका हलका, की गिऱ्हाईक गालावर तळवा फिरवून विचारी, "झाली पण?" ती माझी शाबासकी. पुढे दर गिऱ्हाइकाला नवे पाते लावायची रीत आली. रीत चांगलीच आहे, एकाचे दुखणे दुसऱ्याला लागत नाही. मग येसाजी माझ्याने फक्त स्वतःची दाढी करू लागले. रोज सकाळी, ओट्यावर. त्यातही मी सुखी होतो.

गेल्या पावसाळ्यात येसाजींच्या हातांना कंप सुटला. चहाची बशी हिंदकळू लागली, मग वस्तरा कसा धरणार? मी धोकटीत पडून राहिलो. दमट हवेने माझ्या पात्यावर गंजाचे दोन ठिपके उमटले आणि येसाजींच्या गालांवर पांढरे खुंट वाढले. त्यांनी ओट्यावर बसणेच सोडले. रस्त्याने कोणी हाक मारली, तर आतूनच ओ देत.

भातकापणी झाली आणि येसाजींच्या नातीचा, हर्षलाचा साखरपुडा ठरला. मुलगा नेरळचा. तेव्हा येसाजींनी सांगून टाकले, "दाढी झाल्याबिगर मी पावन्यांसमोर यायचा नाय."

"आजोबा, आता दाढीची फॅशन हाय," हर्षला हसत म्हणाली. "नवरदेवालापण हाय की!"

"त्याला हवी हाय म्हनून हाय. मला नको असून हाय."

"मग शिळफाट्याच्या सलूनमधी नेतो," त्यांचा मुलगा वाल्मिक म्हणाला.

"साठ वर्सं लोकांच्या दाढ्या केल्या, आन् आता दुसऱ्याच्या खुर्चीत बसू? माझा वस्तरा हाय घरात."

वाल्मिक कंपनीत नोकरीला. वडिलांची विद्या तो शिकला नव्हता. पण नुकतेच भात कापले होते आणि विळ्याला धार लावायचा दगड पडवीतच होता. त्याने मला घेतले, तिरपे धरले आणि दाबून खसाखसा घासले. मित्रांनो, विळ्याला ते मानवते. माझी धार कागदाहून पातळ. तिला दाते पडले.

येसाजींनी मला उजेडात धरले. धारेतले दाते पाहिले आणि ते वाल्मिककडे वळले. "माझ्या पोटचा पोरगा आन् वस्तऱ्याचा विळा केलास? आरं, भात नाय कापायचं, गाल हाय ह्यो!"

वाल्मिकने विळ्याचा दगड उचलून बाजूला ठेवला. साखरपुड्याला आठ दिवस उरले होते.

तेव्हा सून पुढे झाली. तिचे नाव छाया. ती शिळफाट्याला एका पार्लरमध्ये भुवया कोरायचे काम करते. "आबा, मला शिकवा. धारपन मी लावीन, दाढीपन मीच करीन."

"सुनेनं सासऱ्याच्या गालाला हात लावायचा?"

"दिवसभर परक्या बायांच्या तोंडाला लावते. तुमी तर घरचे."

येसाजींनी तिचे हात उलटेसुलटे पाहिले. मग त्यांनी धोकटीतून निसणा काढला, म्हणजे वस्तऱ्याचा गुळगुळीत दगड. छायाने तो भिजवला.

"पाठ आन् धार, दोनी टेकव. आता धार पुढं. दाब देऊ नको, त्याच्या वजनानंच जाऊ दे. उलटताना पाठीवर उलट. जितक्या खेपा या बाजूनं, तितक्याच त्या बाजूनं."

रोज पार्लरमधून आल्यावर छाया तासभर बसे. पहिल्या दिवशी हर्षलाचा गळलेला केस माझ्या धारेला टेकवला, तो नुसता वाकला. दुसऱ्या दिवशीही वाकला. चौथ्या दिवशी दाते गेले आणि पाचव्या दिवशी केस तुटला. मग आला चामड्याचा पट्टा. दगडाने धार येते, पट्ट्याने ती गालाला मऊ लागते. पण पट्ट्यावर पाठ पुढे ठेवायची असते, धार मागे. दगडाच्या सवयीने छायाने धार पुढे नेली आणि पट्ट्याला चीर गेली.

"पट्ट्याची दाढी केलीस गं!" येसाजी म्हणाले. किती महिन्यांनी ते हसले होते.

सातव्या दिवशी त्यांनी परसातला कोवळा दुधी आणवला. त्यावर बारीक लव असते. "ही काढ. पानी सुटलं, तर समज रगत आलं." पहिल्या दुधीला तीन जागी पाणी सुटले. दुसऱ्याला एकही नाही. वाल्मिक भीतभीत म्हणाला, "आजची भाजी दाढी करून आलीय." येसाजींनी त्याच्याकडे पाहिले आणि त्याच्याच ताटात जास्त वाढायला सांगितली.

रविवारी सकाळी येसाजी ओट्यावर बसले. छायाने मला पट्ट्यावर फिरवले, त्यांच्या गालांना फेस लावला. तिचा श्वास मला ऐकू येत होता. मी डाव्या गालावरून उतरलो, उजव्या गालावरून उतरलो. मग त्यांनी मान मागे टाकली. मी गळ्याशी आलो आणि छायाचा हात थांबला. येसाजींचे तोंड किंचित उघडले होते. ते घोरत होते.

"आई, आजोबा झोपले?" हर्षलाने दारातून विचारले.

"गप गं. हलवू नको त्यांना."

मित्रांनो, गळ्यावर वस्तरा असताना डोळा लागावा, याहून मोठी पावती आमच्या धंद्यात नाही. छायाच्या डोळ्यांत पाणी आले. तिने ते खांद्याने पुसले आणि उरलेली दाढी त्यांच्या झोपेतच पुरी केली.

येसाजींना जाग आली ती नेरळच्या गाडीच्या हॉर्नने. त्यांनी गालावर तळवा फिरवला, टोपी सारखी केली आणि पाहुण्यांना "या, या" म्हणायला स्वतः उठले. छायाला आतून हाका येत होत्या. तरी तिने आधी मला कोरडे पुसले, तेलाचे बोट फिरवले, मगच मिटून ठेवले.

तुमच्याही घरात विळी असेल, सुरी असेल, कात्री असेल. काम झाले की तिला ओली टाकू नका. पाहुणे दोन मिनिटे थांबतात, गंज थांबत नाही.